माळकरी मांजर

भगवानरावांच्या घरी दुपारची ताटं वाढली की स्वयंपाकघराच्या खिडकीत मांजर येऊन बसायची. अंगानं पांढरी, एका कानावर तेवढा पिवळा डाग. ती ओरडायची नाही, गजांना अंग घासायची नाही, नुसती बसून राहायची. भगवानराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या वेळी शाळा तपासायला येणाऱ्या एक बाई अशाच काही न बोलता बसायच्या आणि पुढ्यात काही आल्याशिवाय हलायच्या नाहीत. म्हणून त्यांनी मांजरीचं नाव मॅडम ठेवलं होतं.

“मॅडम आल्या,” असं म्हणत सरजाबाई तव्यावरचा सुका बोंबील डोक्यासकट खिडकीत ठेवायच्या. मॅडम आधी डोकं खायच्या, मग उरलेला बोंबील. खाऊन झालं की सावकाश तोंड पुसायच्या आणि मधल्या भिंतीवर चढून पलीकडे आपल्या घरी जायच्या.

पलीकडचं घर आबासाहेबांचं. तिथं तिचं नाव सखू होतं आणि ती शाकाहारी होती.

हे शाकाहाराचं प्रकरण पालम गावात कसं वाढलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटायचं नाही. तसं खरं सांगून तरी काय होतं म्हणा, पण ते पुढं येईलच.

आबासाहेब माळकरी माणूस. तुळशीची माळ लग्नाच्याही आधीपासून गळ्यात. शेती बरी, बोलणं मोजकं, शब्द पक्का. बांधाची, नळाच्या पाण्याची, सामाईक भिंतीची भांडणं मिटवायला लोक त्यांनाच बोलवायचे, कारण हा माणूस खोटं बोलत नाही असं सगळ्या पालमनं कधीतरी ठरवून टाकलं होतं. अशा घरात एक मांजरीचं पिल्लू आलं, राहिलं, मोठं झालं. सकाळी दूध-भाकरी, संध्याकाळी वरण-भात. एकदा तिनं आबासाहेबांच्या ताटातली गवारीची भाजी खाल्ली आणि वर ताट चाटलं. उंदीर तिच्या नाकासमोरून ज्वारीच्या पोत्याकडे जायचा, पोट भरून परत यायचा, आणि सखू एक डोळा उघडून पुन्हा मिटायची. दुपारी एवढे बोंबील खाल्ल्यावर उंदराच्या मागं कोण धावणार?

“संगतीचा परिणाम हाय गुरुजी,” आबासाहेब संध्याकाळी ओट्यावर बसून भगवानरावांना सांगायचे. “आमी काय शिकवलं न्हाई. आपून होऊन सोडलंय तिनं.”

भगवानराव चहाचा घोट घ्यायचे आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघायचे. ते रोज सकाळी पंचशील म्हणायचे, आणि त्यात खोटं न बोलण्याचं एक शील होतं. ते खोटं बोलतच नव्हते. कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आता विचारतच कुणी नाही, याला ते काय करणार?

“सांगून टाका की एकदाचं,” सरजाबाई म्हणायच्या.

“काय सांगू? तुमच्या मांजरीला आम्ही बिघडवलं म्हणून?”

“आपण कुठं बिघडवलं? ती बिघडूनच आली व्हती.”

हे असंच चालू राहिलं असतं. पण गल्लीच्या तोंडाला मुंजाजीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मुंजाजीचं स्वतःचं यूट्यूब चॅनल होतं. त्यावर आजवर तुंबलेल्या नाल्या, फुटलेली पाइपलाइन आणि बसस्टँडवरची मोकाट जनावरं एवढंच दिसायचं. मुंजाजीला काहीतरी चांगलं दाखवायचं होतं. एका संध्याकाळी तो आबासाहेबांकडे आला, सखूच्या पुढ्यात वरण-भात होता, आणि आबासाहेब शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मुंजाजीनं माइक आधी आबासाहेबांच्या तोंडापुढं धरला, मग सखूच्या.

दुसऱ्या दिवशी ‘पालमची माळकरी मांजर’ सगळ्यांच्या मोबाईलवर होती. परभणीहून भगवानरावांच्या मुलीचा, धम्मशीलाचा फोन आला.

“पप्पा, ही आपली मॅडमच ना?”

“फोनवर असलं काही बोलू नको,” असं म्हणून भगवानरावांनी फोन ठेवला.

लोक बघायला यायला लागले. कुणी केळी आणायचं, कुणी पेढा. सखू पेढाही खायची. पण एक माणूस या सगळ्यानं बेजार झाला होता. त्याचं नाव किशनराव. किशनरावांनी हौसेनं कबुतरं पाळली होती आणि त्याच हौसेनं एक बोकाही पाळला होता. बोका कबुतरं खायचा. पालममध्ये एक मांजर पेढे खाते आणि आपला बोका आपल्याच कबुतरांवर जगतो, हे त्यांना सहन होईना. एका संध्याकाळी ते ओट्यापुढं येऊन उभे राहिले. ओट्यावर नेहमीप्रमाणं चार माणसं होती, त्यात भगवानरावही होते.

“आबासाहेब, राग मानू नका. पण मांजर आन् मास सोडील? कालच माझ्या बोक्यानं पिसासगट कबूतर खाल्लंय.”

“ते तुमच्या घरचं झालं,” आबासाहेब म्हणाले.

ओट्यावर कुणीतरी हसलं. किशनरावांचं तोंड लाल झालं.

“आसं काय? मग परीक्षा होऊन जाऊ द्या. एका ताटात दूध-भात, एका ताटात तळलेले बोंबील. बघू कशाला तोंड लावती ते.”

आबासाहेबांनी हळूच भगवानरावांकडे बघितलं, मग किशनरावांकडे. आणि एरवी सावलीत बसल्यासारखा निवांत बोलणारा तो माणूस एकदम ताठ झाला.

“होऊन जाऊ द्या. माझ्या सखूनं त्या ताटातल्या बोंबलाला तोंड लावलं तर ही माळ गळ्यातून काढून ठेवतो. सगळ्यांच्या देखत.”

माळ काढणं म्हणजे काही टोपी काढणं नव्हे. किशनरावसुद्धा जरा घाबरले, पण आता मागं फिरायला जागा नव्हती.

“मग उद्या सकाळीच घेऊ. उपाशीपोटी.”

“सकाळी न्हाई,” आबासाहेब लगेच म्हणाले. “दुपार टळल्यावर. जेवणंखाणं झाल्यावर. आन् बोंबील माझ्या अंगणात यायचे न्हाईत. गुरुजींच्या अंगणात घ्या. काय गुरुजी?”

“घ्या की,” भगवानराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

घरी आल्यावर त्यांनी सरजाबाईंना सगळं सांगितलं. सरजाबाईंनी कपाळाला हात लावला.

“तिच्यासमोर बोंबील ठेवणार? ती एका घासात त्यांची माळ काढील.”

“माहीत आहे. त्या माळेवर त्या माणसाची सगळी इज्जत आहे. एकच उपाय आहे. दुपारी ती इकडं आली की तिला पोटभर घालायचं. इतकं घालायचं की बोंबील बघून तिला मळमळलं पाहिजे. नशीब, वेळ तरी दुपारनंतरची मिळाली.”

“आन् तुमी काय खाणार?”

“मी वरण-भात खाईन. एक दिवसाचा प्रश्न आहे.”

तो एक दिवसाचा प्रश्न नव्हता, पण ते त्यांना तेव्हा कुठं माहीत?

दुसऱ्या दिवशी सरजाबाईंनी डब्यातले सगळे बोंबील तव्यावर टाकले. ताटं वाढली. खिडकीत कुणी आलं नाही. भगवानरावांनी भिंतीवरून डोकावून बघितलं. पलीकडच्या अंगणात मुंजाजी मोबाईलला स्टँड लावत होता. आतून धुरपताबाईंचा, म्हणजे आबासाहेबांच्या मालकिणीचा, आवाज येत होता: “आगं हलू नको, पुसू दे.” मुंजाजीनं सुचवलं होतं की परीक्षेआधी सखूला आंघोळ घालावी, गंध लावावं आणि गळ्यात छोटी माळ घालावी, म्हणजे व्हिडिओत शोभून दिसेल. त्यासाठी तिला सकाळपासून स्वयंपाकघरात कोंडलं होतं. सकाळच्या दुधाची वाटीही तिनं रागानं पालथी केली होती. थोडक्यात, मॅडम परीक्षेला अगदी उपाशीपोटी येणार होत्या.

“आता?” सरजाबाई म्हणाल्या.

“आता तुम्हीच जा. त्यांच्या स्वयंपाकघरात मी कसा जाऊ?”

सरजाबाईंनी बोंबील स्टीलच्या डब्यात भरले, वर शेंगदाण्याच्या चटणीचा थर दिला, झाकण घट्ट लावलं, डबा पदराखाली घेतला आणि मागच्या दारानं गेल्या. अंगणात मुंजाजीनं नाक वर करून दोनदा हुंगलं, पण त्याला सर्दी होती.

धुरपताबाई पाटावर बसल्या होत्या. समोर टॉवेलमध्ये गुंडाळलेली सखू, कपाळाला गंध, डोळ्यांत खून.

“चटणी आणली व्हती जरा,” सरजाबाई म्हणाल्या.

सखूनं टॉवेलातून मान बाहेर काढली आणि डब्याकडे बघून अशी काही हाक मारली, की सरजाबाईंनी डबा आणखी घट्ट धरला. धुरपताबाईंनी शांतपणे डबा हातातून घेतला, झाकण उघडलं, चटणी बोटानं बाजूला केली.

“लय उशीर केलात, सरजाबाई,” त्या म्हणाल्या. “मी कव्हापासून वाट बघायलेय.”

“म्हणजे तुमाला माहीत हाय?”

“मला माहीत न्हाई तर कुणाला? धुणं वाळत घालताना भिंतीवरून रोज दिसतंय की. आदी डोकं खाती, मग बाकीचं.” त्यांनी कोनाड्यातल्या उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला आणि डबा सखूपुढं सरकवला. “पण ह्यान्ला कळू देऊ नका हो. लय भोळं माणूस हाय. कळलं तर मांजरीला घराबाहेर काढतील, आन् मग चार दिवस सोताच जेवणार न्हाईत.”

सखू खात होती. उदबत्त्यांचा धूर दारातून बाहेर गेला तसा अंगणातून आबासाहेबांचा आवाज आला.

“आतून एवढा वास कशाचा यायलाय?”

“उदबत्तीचा!” दोघी एकदम ओरडल्या.

“बरं बरं,” आबासाहेब म्हणाले आणि दारापासून लांब जाऊन बसले.

दुपार टळली. भगवानरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध दोन ताटं. एकात दूध-भात, दुसऱ्यात किशनरावांनी स्वतः बाजारातून, चतुराबाईंच्या दुकानातून निवडून आणलेले, तेलात खरपूस तळलेले बोंबील. त्यांचा वास असा सुटला होता, की बघायला आलेल्या माणसांनीच दोनदा ताटाकडे सरकून बघितलं. पार्वतीबाई पिंपाशेजारी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांची मांजर शेजाऱ्यांच्या कोंबडीची पिल्लं पळवायची आणि त्यावरून त्यांची रोज भांडणं व्हायची, म्हणून त्या फार आशेनं आल्या होत्या.

तेवढ्यात किशनरावांना काहीतरी सुचलं आणि ते भगवानरावांकडे वळले.

“गुरुजी, तुमी शेजारी. तुमी बी खोटं बोलत न्हाई. सांगा, ह्या मांजरीला मास खाताना कव्हा बघितलंय का?”

शेवटी कुणीतरी विचारलं होतं. भगवानरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. आबासाहेब जमिनीकडे बघत होते. त्यांचा हात माळेवर होता.

“आबासाहेबांच्या घरात,” भगवानराव एकेक शब्द तपासून म्हणाले, “तिनं शाकाहाराशिवाय दुसरं काही खाल्लेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.”

हे अगदी खरं होतं. घटकाभरापूर्वी त्या घरात जे झालं ते सरजाबाईंनी पाहिलं होतं.

धुरपताबाईंनी सखूला आणून खाली सोडलं. कपाळावर गंध, गळ्यात माळ, पोट जमिनीला टेकलेलं. मुंजाजीचा मोबाईल वळला. सखू उभी राहिली, तिनं नाक हलवलं आणि सरळ बोंबलाच्या ताटाकडे निघाली. धुरपताबाईंनी डोळे मिटून घेतले. सखूनं ताटावर मान खाली घातली. आबासाहेबांच्या बोटांनी माळेचा एक मणी इतका घट्ट धरला होता, की नखं पांढरी पडली.

सखूनं एक बोंबील हुंगला. मग तिला एक ढेकर आला. तिनं ताटाकडे पाठ केली, दूध-भातापाशी गेली, तोही हुंगला, त्यालाही तोंड लावलं नाही, आणि पाय ओढत भगवानरावांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत चढून आपल्या रोजच्या जागी बसली. आता ‘ही इथं कशी काय बसते’ असं एकानं जरी विचारलं असतं, तर सगळंच बाहेर आलं असतं. सखूनं डोळे मिटले.

“दूध-भाताला बी शिवली न्हाई!” पार्वतीबाई ओरडल्या. “आगं बाई, आज संकष्टी! उपास हाय तिचा!”

अंगणात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, चंद्रोदयाची वाट बघायलीय. कुणी म्हणालं, डोळे मिटलेत बघा, ध्यान लावलंय, बरोबर गुरुजींच्याच खिडकीत लावलंय. किशनराव बराच वेळ खिडकीकडे बघत उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी आबासाहेबांचे पाय धरले.

“चुकलो आबासाहेब. माझ्या बोक्याला पदरात घ्या.”

इथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. माळ वाचली, मांजर वाचली, भगवानरावांचं शीलही कसंबसं वाचलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव बोक्याला पोत्यात घालून आले. त्यांच्या मागं पार्वतीबाई आपली मांजर टोपलीत झाकून घेऊन आल्या. “आठ दिवस तुमच्या संगतीत राहू द्या,” असं म्हणून दोघांनी मांजरं ओट्यावर ठेवली. नाही म्हणायचं तर काय कारण सांगणार? आबासाहेबांनी ठेवून घेतली.

दुपारी भगवानरावांच्या घरी ताटं वाढली. खिडकीत मॅडम येऊन बसल्या. त्यांच्या मागं पार्वतीबाईंची मांजर. तिच्या मागं, खिडकीत जागा उरली नाही म्हणून, बोका सरळ आत आला आणि भगवानरावांच्या पाटाशेजारी बसला.

“मॅडमनी आता ट्रेनिंग सुरू केलंय,” सरजाबाई म्हणाल्या.

“घाला त्यांना. नाही घातलं तर बोका कबुतरं खाईल, आणि उपाशी मॅडम चारचौघांत काय करतील ते सांगता येत नाही.”

बोंबलांनी पोट भरलेल्या बोक्यानं कबुतरांकडे बघणं सोडलं. पार्वतीबाईंच्या मांजरीच्या पाठीवरून कोंबडीची पिल्लं फिरली तरी ती उठेना. आठ दिवसांनी दोघं सुधारून घरी गेली आणि रोज दुपारी न चुकता परत यायला लागली. पार्वतीबाई सांगायच्या, “जेवणाच्या वेळेला आबासाहेबांच्या दर्शनाला जाती.” ते ऐकून आणखी लोकांनी आणखी मांजरं आणली. भगवानरावांच्या तव्यावरचं सगळं खिडकीतून जात होतं. बोंबलाचा तुकडा ताटात पडून किती काळ झाला हे त्यांना आठवेना. जन्मभर बोंबील आवडीनं खाल्लेला तो माणूस वरण-भातावर लोणचं घेऊन जेवायचा आणि मांजरांकडे बघायचा नाही. आबासाहेबांच्या गल्लीत खऱ्या अर्थानं मांसाहार कुणी सोडला असेल तर तो एकट्या भगवानरावांनी.

त्यात बोंबीलवाल्या चतुराबाईंना संशय आला. “गुरुजी, एवढे बोंबील? लग्न काढलंय का कुणाचं?” त्यांनी भर बाजारात विचारलं. चार माणसं वळून बघायला लागली. भगवानराव रिकाम्या हातानं परत आले.

“आता इथं घेण्यात अर्थ नाही,” त्यांनी सरजाबाईंना सांगितलं. “मी परभणीला जातो. धम्मशीलाला भेटतो आणि येताना घेऊन येतो. तिथं मला कोण ओळखतंय?”

त्याप्रमाणं ते गेले. लेकीच्या घरी जेवले आणि उन्हातनं बाजारात आले. सुक्या मासळीच्या दुकानांपाशी गर्दी होती. त्यांच्या पुढं एक उंच माणूस उभा होता. एवढ्या उन्हात त्यानं डोक्याला आणि तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं, नुसते डोळे दिसत होते.

“जवळा द्यू का मामा? ताजा हाय,” विकणारी बाई म्हणाली.

“जवळा नको,” तो माणूस दबक्या आवाजात म्हणाला. “तिला बोंबीलच लागतात. आन् डोक्याचे बघून द्या. डोकं आदी खाती ती.”

भगवानरावांच्या हातातली पिशवी खाली पडली. ती उचलायला दोघं एकदम वाकले. उपरणं सुटलं.

आबासाहेब होते. मग भगवानरावांनी त्यांना दंडाला धरून उसाच्या रसाच्या गाड्यावर नेलं.

“कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासनं,” आबासाहेब ग्लासाकडे बघत म्हणाले. “माझ्या मांडीवर झोपती ती, गुरुजी. मला नाक न्हाई का?”

“मग शाकाहारी आहे म्हणून गावभर का सांगितलंत?”

“गावाला कुठं सांगितलं? धुरपतीला सांगितलं व्हतं. तिला बोंबलाचं कळलं आसतं तर तिनं मांजरीला घरात ठेवलं आसतं का? लय साध्या जिवाची हाय ती. तिला बरं वाटावं म्हणून एकदा म्हणालो, की ही आपून होऊन सोडून बसलीय. तिनं दहा जणींना सांगितलं. मग मला लोकं इचारायला लागले.” त्यांनी रसाचा ग्लास तसाच ठेवला. “लय जीव हाय हो माझा त्या मांजरीवर. आन् तुमाला किती भुर्दंड! तुमी वरण-भात खायलाव हे दिसतंय की मला भिंतीवरून. म्हणून म्हटलं, निदान ह्या खेपेचे तरी आपून न्यावेत.”

“आणि माळेचं बोललात ते?”

“त्या ताटातल्या बोंबलाला तोंड लावलं तर, आसं बोललो व्हतो. त्याला न्हाई लावलं. येळ आन् जागा मी उगंच ठरवली व्हती का? तुमी तिला उपाशी पाठवणार न्हाई ह्याची खात्री व्हती मला.” त्यांनी माळेवरून बोट फिरवलं. “पण खरं सांगू का? तव्हापासनं माळ टोचायलीय. आंगाला झोप न्हाई.”

भगवानरावांना या माणसाचा राग यायला हवा होता. पण त्यांना एकदम गहिवरून आलं. त्यांनी आबासाहेबांना रस संपवायला लावला, दोघांनी आपापले बोंबील घेतले आणि ते बसस्टँडवर आले.

पालमच्या गाडीत गर्दी होती. दोघांना बाकड्यावर जागा मिळाली, पिशव्या पायाशी ठेवल्या. गंगाखेडपर्यंत सगळं ठीक होतं. तिथं आणखी माणसं चढली, ऊन तापलं, आणि बोंबील दरवळायला लागले. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला.

“बोंबील कुणाचे हायत? पिशवी मागं ठेवा.”

सगळ्यांनी वळून बघितलं. आधी आबासाहेबांच्या माळेकडे बघितलं, मग तिथून नजरा उचलून भगवानरावांवर ठेवल्या. मागच्या बाकड्यावर किशनराव बसले होते, तेही मान लांब करून बघायला लागले.

“माझे आहेत,” भगवानराव म्हणाले. दोन पिशव्यांपैकी एक त्यांचीच होती, त्यामुळं तेही खरंच होतं.

त्यांनी दोन्ही पिशव्या उचलल्या. तोच आबासाहेब उभे राहिले. त्यांनी एका हातानं वरचा दांडा धरला आणि दुसरा हात माळेवर ठेवला.

“गुरुजींचे न्हाईत. माझे हायत,” ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले. “माझ्या मांजरीला आणलेत. ती रोज बोंबील खाती. पहिल्यापासनं खाती.”

कंडक्टर उघड्या तोंडानं बघत राहिला. भगवानरावांनी डोळे मिटले. आता काय होईल ते होवो.

मागं किशनरावांनी नाक ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बघा रे लोकहो,” ते म्हणाले. “जन्मात खोटं न बोललेला माणूस. शेजाऱ्याची चारचौघांत शोभा व्हऊ नये म्हणून आज पहिल्यांदा खोटं बोलला. सोताच्या मांजरीला बट्टा लावला, पण शेजाऱ्याला उघडं पडू दिलं न्हाई.”

“आवो, मी खरं सांगायलोय!” आबासाहेब ओरडले.

“कळलं आबासाहेब, कळलं,” किशनराव त्यांचे हात धरून म्हणाले. “माझा बोका तुमच्या हाताखाली सुधारला. मला तुमी काय सांगताव?”

एका म्हातारीनं उठून आबासाहेबांना खिडकीशेजारची जागा दिली. कंडक्टरनं नमस्कार केला. भगवानरावांकडे मात्र सगळ्यांनी असं बघितलं, की ते दोन्ही पिशव्या घेऊन पालमपर्यंत मागच्या दाराशी उभेच राहिले.

गाडीतून उतरून दोघं चालत निघाले.

“टोचते का अजून?” भगवानरावांनी विचारलं.

आबासाहेबांनी माळेखाली बोट घालून बघितलं.

“न्हाई. मी तर सांगितलं बाबा. आता लोकांनीच ऐकलं न्हाई.”

गल्लीत वळले तेव्हा उन्हं उतरली होती आणि मधल्या भिंतीवर मांजरं ओळीनं बसली होती. धुरपताबाई फाटकात उभ्या होत्या. आबासाहेब पाय धुवायला आत गेले तसं त्या भगवानरावांजवळ आल्या.

“गुरुजी, आमच्या ह्यान्ला काही कळलं तर न्हाई ना?” त्यांनी हळूच विचारलं.

भगवानरावांनी चष्मा सारखा केला.

“नवीन काही कळलं नाही,” ते म्हणाले.

“तुमचा बुद्ध पावला,” असं म्हणून धुरपताबाई चहा टाकायला गेल्या.

थोड्या वेळानं सरजाबाईंनी तवा ठेवला. मांजरं जेवली. त्या दिवशी एक बोंबील भगवानरावांच्या ताटातही पडला. मॅडम तोंड न पुसताच भिंतीवरून पलीकडे गेल्या आणि ओट्यावर बसलेल्या आबासाहेबांच्या मांडीवर चढल्या. आबासाहेबांनी दाराकडे एक नजर टाकली, घाईघाईनं उपरण्याच्या टोकानं तिचं तोंड पुसलं, आणि धुरपताबाई चहा घेऊन बाहेर आल्या.